सात हप्ते तिचे, पाच माझे

हुमनाबाद, ११ जून १९५४

आज बीदरला जाऊन सही करून आले. करारनाम्यावर खरेदीदार भागम्मा मडिवाळप्पा आणि त्याखाली जामीनदार नागूबाई, सहशिक्षिका, सरकारी कन्याशाळा, हुमनाबाद. एजन्सीचे श्रीपतराव म्हणाले, "तुमची सरकारी नोकरी आहे म्हणून चालवून घेतो. बायकांचा जामीन आम्ही घेत नाही एरवी." ऐकायला बरं वाटलं, हे इथं कबूल करते.

शिवणाचं मशीन पायाचं आहे. भागम्मानं चांदीचा कंबरपट्टा मोडून आगाऊ रक्कम भरली. उरलेले बारा हप्ते, महिन्याला वीस रुपये कलदार, निजामी हाली नव्हेत. तिच्याकडून हप्ता चुकला तर तो मी भरायचा, एवढाच माझा संबंध. चुकायचा नाही. आमच्या खोल्यांची भिंत एक आहे, आठ वर्षं मी तिला हातानं शिवताना बघते आहे. तिचा नवरा मडिवाळप्पा कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करतो. कापड त्याचं, शिलाई हिची, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जायचंच नाही, असं तिचं गणित.

सहीसाठी पंधरा दिवस तिला मराठी अक्षरं शिकवून नाव गिरवायला लावलं होतं. कानडी जरा वाचते, पण लिहिण्याचा सराव नाही. 'भा' ठसठशीत आला, 'म्मा' ओळीखाली घसरला.

ठाणाकुशनूरहून दादानं, म्हणजे माझे थोरले भाऊ उद्धवराव यांनी, पत्रात बजावलं होतं की कुणाला जामीन राहू नकोस. दादाचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ. पण रझाकारांच्या गडबडीच्या साली, गावोगाव माणसं पळत होती तेव्हा, भागम्मानं मला एकटीला इथं ठेवलं नाही. आपल्या माहेरी निर्ण्याला नेलं आणि तिच्या आईनं महिनाभर मला लेकीसारखं जेवू घातलं. त्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मग मी एक सही करू नये?

परत येताना मोटारीत तिनं सगळी वाट माझा हात धरला होता.

२९ जून

मशीन आलं. बैलगाडीतून उतरवताना गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा झाल्या. भागम्मानं त्याला विभूती लावली, खालचा पायटा पायानं दोनदा रिकामा चालवून बघितला आणि मला म्हणाली, "अक्का, पहिलं तुमचं."

मी समजले नाही. तिनं आतून निळं कापड आणलं. मी म्हटलं, तेरा वर्षं मी पांढऱ्याशिवाय काही घातलेलं नाही, लोक काय म्हणतील.

"आमच्यात तसलं न्हाई अक्का. आन् तुमी कुठं लोकांसाटी घालायलाव? खोलीत घाला."

तासाभरात पोलकं झालं. माप घेतलं नव्हतं तरी बरोबर बसलं. म्हणाली, "आठ वर्सं बघायलेय की तुमाला."

१४ ऑगस्ट

शाळा सुटली की मी थेट तिच्याकडे जाते. ती शिवते, मी हुक लावते. काजं मला जमत नाहीत. जवळच्या खेड्यांतूनही कापडं येऊ लागली. दोन्ही हप्ते वेळेवर गेले. मी विचारलं नव्हतं, तिनंच पावत्या आणून दाखवल्या.

जेवायलाही बहुतेक तिकडेच होतं. स्वतःपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, हे खरं कारण.

१४ जानेवारी १९५५

संक्रांत. सातवा हप्ता गेला. भागम्मानं मला तीळ दिले आणि म्हणाली, "आता पाचच ऱ्हायले. मग मशीन माजं."

'आपलं' म्हणाली असती तरी काही बिघडलं नसतं. अर्थात मशीन तिचंच आहे.

२० फेब्रुवारी

तिच्या लेकीचं, लिंगम्माचं, लग्न ठरलं. मुलगा बसवकल्याणकडचा, घरची शेती. मला हे चनमल्लप्पांच्या दुकानात कळलं, मीठ घेताना. चनमल्लप्पा आमच्या दोन्ही खोल्यांचे मालक, त्यांना माहीत आणि मला नाही. संध्याकाळी गेले तर आत सोयरे बसले होते. भागम्मानं "या की अक्का" म्हटलं, पण जागा नव्हती. परत आले. स्वतःपुरता भात टाकला.

६ एप्रिल

लग्न लागलं. मला पहिल्या रांगेत बसवलं. दुसऱ्या कुणी विधवेला असं बसवलं नसतं, हे मान्य. पण दिवसभरात ती माझ्याशी तीन वाक्यं बोलली. मी मोजली. तिसरं वाक्य "जेवलाव का?" हे होतं.

१९ एप्रिल

आज शाळेत जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

तिसरीचा वर्ग चालू होता. शिपाई आला, कोणी भेटायला आलंय म्हणाला. व्हरांड्यात श्रीपतराव. बाजूला मोठ्या बाईंच्या खोलीचं दार उघडं. तेवढ्यात त्यांनी मोठ्यानं सुरू केलं, "बाई, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीन हप्ते तटले. आम्ही जामीनदाराला धरणार. पगारातून कापून घ्यायची वेळ आणू नका."

मी म्हटलं, काहीतरी चूक आहे. त्यांनी वही दाखवली. चूक नव्हती.

मोठ्या बाई नंतर म्हणाल्या, "नागूबाई, तुमच्यासारखीनं असल्या भानगडीत पडू नये." अठरा मुलींनी ऐकलं. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल असा शब्द निघाला नव्हता.

संध्याकाळी गेले. भागम्मा एकटी होती, लग्नाची भांडी घासत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"श्रीपतरावास्नी ह्यांनी सांगितलं हुतं की. लगीन हाय, चार म्हयने थांबा, समदं भरून टाकतो. ते व्हय म्हनले हुते."

"आणि मला? मला का सांगितलं नाहीस?"

तिनं तांब्या पालथा घातला. मग म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी लगीच पैसं दिलं असतं. तुमच्याकडून घ्यायचं नव्हतं अक्का."

हे काय उत्तर झालं? दुकानदाराला कळलं, एजंटाला कळलं, आणि मला, जिची सही खाली आहे तिला, कळवायचं नाही. मी तिला तसं म्हटलं. ती रडली. मी थांबले नाही.

२३ एप्रिल

बीदरला गेले. पोस्टातले शंभर रुपये काढले होते. तीन थकलेले आणि दोन यायचे, सगळेच भरून टाकले. श्रीपतराव आज फार गोड बोलले. "पावती कुणाच्या नावानं फाडू? नियमानं खरेदीदाराचं नाव. पण पैसे तुमचे, तर मालकी तुमच्याकडे वळवून देतो. बाईंचा हप्ता चुकलाच आहे, आम्हाला तसा अधिकार आहे."

 मी हो म्हटलं. फक्त सुरक्षिततेसाठी. उद्या मडिवाळप्पानं मशीन बाजारात नेऊन विकलं तर मी कुणाकडे बघायचं? पैसे फिटले की तिच्या नावावर करून द्यायला किती वेळ लागतो.

तिला हे आज सांगितलं नाही. ती आधीच दुखावलेली आहे.

२६ एप्रिल

मशीन माझ्या खोलीत आणलं. दोन हमाल लावले. मला वाटलं होतं की ती विरोध करील. तिनं उलट ते पुसून दिलं, तेल घातलं, सुई काढून कागदात गुंडाळली. "धक्क्यानं मोडंल," म्हणाली.

मडिवाळप्पा उंबऱ्यात उभा होता. "बाई, आमी काय पळून जायलोत का?"

भागम्माच त्याला म्हणाली, "गप बसा. अक्कांचं पैसं हाईत."

मग मला विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "शंभर फिटेपर्यंत. तोवर तू इथं येऊन शीव. शिलाईतले निम्मे माझे, निम्मे तुझे."

"बरं," म्हणाली.

मशीन खिडकीखाली ठेवलं आहे. खोली भरल्यासारखी दिसते.

२२ मे

सुट्टी आहे. भागम्मा सकाळी दहाला येते, पाचला जाते. मी दोघींसाठी भाकऱ्या करते. लग्नसराईचं काम भरपूर आहे. ती पूर्वीसारखी बोलत नाही, पण येते. दुपारी पायट्याचा आवाज सुरू असला की मला वाचता वाचता झोप लागते. किती वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

तिचे निम्मे मी लगेच देते. माझे निम्मे या दैनंदिनीच्या शेवटच्या पानांवर मांडून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

३ जुलै

दादा आला होता, तासभर. यजमानांच्या वाट्याचं ठाणाकुशनूरचं शेत माझ्या नावावर आहे, त्याचा सारा भरण्याची फार कटकट होते म्हणाला. दोन कागदांवर सह्या घेतल्या. भागम्मा मशीनवर होती. दादा गेल्यावर तिनं विचारलं, "अक्का, वाचून बघितलाव का?"

मला राग आला. म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. भावाचे कागद वाचून घेत नाहीत."

"व्हय," म्हणाली, आणि दोरा तोंडात ओला करून सुईत घातला.

दादानं जाताना ज्वारीची एक पिशवी ठेवली. दरवर्षी दोन असतात. यंदा पीक कमी असेल.

१० ऑगस्ट

शाळा सुरू झाल्यापासून अडचण आहे. मी अकरा ते पाच शाळेत. तिनं किल्ली मागितली. "तुमी येईस्तवर चार पोलकी व्हतील माजी." नाही म्हटलं. खोलीत माझी पेटी आहे, पुस्तकं आहेत. अविश्वासाचा प्रश्न नाही, पण नियम म्हणजे नियम. आता ती पाच ते सात एवढंच शिवते. गिऱ्हाइकं तुटायला लागली आहेत असं म्हणाली. मी म्हटलं, घाई कसली आहे? मी काही तगादा लावत नाही.

चहा केला तर घेत नाही हल्ली. पाणी घरून पिऊन येते.

१७ सप्टेंबर

पावसानं रस्ते बंद, मडिवाळप्पाचे बाजार बुडाले. भागम्मानं विचारलं, "या म्हयन्यात समदं मला ऱ्हाऊ द्या, पुढल्या म्हयन्यात तुमी समदं घ्या." मला हरकत नव्हती, पण तिनं ज्या सुरात विचारलं त्यात पूर्वीची ओढ नव्हती. दुकानदाराला विचारावं तसं. मी म्हटलं, ठरलंय तसंच राहू दे.

नंतर वाटलं, द्यायला हवे होते. पण एकदा तोंडातून गेलं.

२८ ऑक्टोबर

खंडेनवमीला तिनं माझ्या खोलीत येऊन मशीनला झेंडूची माळ घातली होती. आज ती माळ काढली, पदराच्या गाठीतून आठ रुपये काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "शंभर झालं अक्का. मी पोलकी ध्यानात ठेवलीत. उद्या हमाल आनते."

मी दैनंदिनी उघडून मागची पानं बघितली. तिचं बरोबर होतं. खरं तर दोन रुपये जास्तच आले होते. मी पान मिटलं.

"एवढी घाई काय आहे?"

"घाई न्हाई. फिटलं की."

मग मी ते सांगितलं, जे सहा महिने सांगायचं राहून गेलं होतं. पावती माझ्या नावावर आहे. मालकी माझ्या नावावर आहे.

तिला आधी समजलं नाही. मी पेटीतून कागद काढून दाखवला. मीच शिकवलेल्या अक्षरांत तिनं माझं नाव वाचलं, बोट ठेवून. ना, गू, बा, ई.

"कवा केलाव हे?"

"एप्रिलमध्येच. सुरक्षिततेसाठी."

तिनं कागदावरचं बोट काढलं.  मी म्हटलं, "हे बघ, नावात काय आहे? मशीन इथंच राहू दे. तू रोज येत जा. आता माझे निम्मे बंद. शिलाई सगळी तुझी. किल्लीसुद्धा देते."

"मग मशीन कुनाचं?"

"कागदावर माझं."

"कागदावर न्हाई ओ. मशीन कुनाचं?"

 पोस्टातली माझी शिल्लक गेली. अठरा मुलींसमोर माझी अब्रू गेली. तिनं मला कळवलं नाही. हे सगळं आठ रुपयांनी फिटतं का? मी म्हटलं, "माझं."

"तर मग मी येनार न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. कात्री तिची होती, ती घेतली आणि गेली. आठ रुपये तिथंच राहिले.

फुकट शिवायला मिळत असताना कोणी असा हट्ट धरील? मला तिचं कळत नाही.

२ नोव्हेंबर

आली नाही.

५ नोव्हेंबर

आली नाही. भाकऱ्या दोघींच्या केल्या होत्या.

२० नोव्हेंबर

चनमल्लप्पांच्या दुकानात बसलो. त्यांच्याबरोबर आणखी दोन वडीलधारे. भागम्मा आणि मडिवाळप्पा खाली सतरंजीवर, मला खुर्ची दिली. शिक्षिका म्हणून देतात.

भागम्मानं सरळ सांगितलं, "आगाऊ मी भरलं, पट्टा मोडून. सात हप्ते मी भरले. पाच अक्कांनी. ते पाच मी त्यांच्या खोलीत बसून फेडले. आता तुमीच सांगा."

चनमल्लप्पांनी कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला. "कागद बाईंच्या नावाचा हाय. यात खोट न्हाई." मग मला विचारलं, "बाई, ही म्हनती शंभर फेडले. तुमी हिशेब ठेवलाव का काही?"

मी म्हटलं, "नाही."

ही दैनंदिनी खासगी आहे. तिच्या मागच्या पानांवरचा हिशेब दाखवायचा म्हणजे सगळी दैनंदिनी चार माणसांपुढे उघडायची. यातलं निळ्या पोलक्याचं, माझ्या झोपेचं, सगळं. ते शक्यच नव्हतं. तेव्हा 'नाही' याचा अर्थ 'दाखवण्याजोगा नाही' असा होता.

भागम्मा माझ्याकडे बघत होती. मी रोज लिहिते हे तिला ठाऊक आहे. रोज तिच्यासमोरच लिहीत असे. पण तिनं दैनंदिनीचं नाव काढलं नाही.

मडिवाळप्पा मात्र उठला. "हिशेबच काढायचा तर मग निर्ण्याचा बी काढा. एक म्हयना..."

"निर्ण्याचं काढू नगा," भागम्मा त्याचा सदरा धरून म्हणाली. "ते माज्या आईनं घातलंय जेवायला. ते इकायला न्हाई."

चनमल्लप्पा बराच वेळ सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "कागदानं मशीन बाईंचं. आमाला कागदाभायेर जाता येत न्हाई. पर बाई, कागद सोडून तुमच्या मनाला एकदा इचारा. आमी थांबतो."

सगळे थांबले.  मग मी कागदाची घडी घातली.

न्याय माझ्या बाजूनं झाला. घरी आले तेव्हा हात गार पडले होते. हवा बदलली आहे.

८ जानेवारी १९५६

बाजारातून परत आले तर भागम्मा दारात बसून हातानं शिवत होती. मान वर केली नाही. मी पायरीवर मुद्दाम चपला आपटल्या.

२९ जानेवारी

आज रविवार म्हणून मशीनवर बसून पाहिलं. दहा मिनिटांत दोरा खालून गुंतला आणि सुई अडकली. मशीन बिघडलं असावं. जाताना तिनं नीट लावून दिलं नाही. शहागंज गल्लीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला बोलावलं होतं, ती म्हणाली मशीन उत्तम आहे, तुम्हाला पायाचा ताल नाही. मी तिला म्हटलं, तू येऊन शिवत जा. चार दिवस आली. फार बडबड करते. नको म्हणून सांगितलं.

११ मार्च

दुपारी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. पायट्याचा. आधी वाटलं आपलंच, म्हणून उठून पाहिलं. खिडकीखालचं मशीन जागच्या जागी होतं.

नंतर कळलं. भागम्मानं बीदरहून जुनं मशीन हप्त्यावर आणलं. चनमल्लप्पा जामीन राहिले. पंचायतीत माझ्या बाजूनं बोलायचं आणि मागून तिला जामीन राहायचं, ही त्यांची रीत. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी राहिले असते.

१६ एप्रिल

आवाज सकाळपासून सुरू होतो. भिंत एक विटेची आहे. टीप सरळ जाते तेव्हा आवाज सारखा येतो, वळणावर थांबतो. बाही लावते आहे की कळी, हे मला इथं बसून सांगता येतं.

१९ जून

बदलीचा अर्ज दिला. सगळीकडे प्रांतांच्या फेररचनेची चर्चा आहे, बीदर कानडीकडे जाणार म्हणतात. मराठी शिक्षिकेनं आधीच उदगीर बाजूला गेलेलं बरं. मोठ्या बाईंनी विचारलं, "हेच कारण ना?" मी म्हटलं, दुसरं काय असणार.

दादाला लिहिलं होतं की दोन-तीन महिने ठाणाकुशनूरला राहीन, शेताकडेही बघता येईल. त्याचं उत्तर आलं. खोली धाकट्या सुनेला दिली आहे. आणि शेत फाल्गुनातच विकलं, भाव चांगला आला म्हणून. माझ्या वाट्याचं पुढे बघू, असं लिहिलं आहे. दादा सगळं व्यवस्थित बघतो. मला तेवढी काळजी नाही.

पत्राच्या कडेला माझ्या तब्येतीबद्दल काही असेल म्हणून पुन्हा वाचलं.

३० ऑगस्ट

बदलीचा हुकूम आला. उदगीर, मुलींची शाळा. आठवड्यात रुजू व्हायचं.

सामान बांधायला घेतलं. भांडी, पुस्तकं, पेटी, आणि मशीन. मशीन बघून विचार केला. शेवटी भिंत ओलांडून, म्हणजे दारातून बाहेर पडून, शेजारच्या दारात गेले. नऊ महिन्यांनी. भागम्मा उठून उभी राहिली. पायट्यावरचा पाय काढला नव्हता, चाक आणखी दोनदा फिरलं.

"मी उदगीरला चालले," मी म्हटलं.

"ऐकलंय. बसा."

मी बसले नाही. "ते मशीन तू घे. पैसे नकोत. नावावर करून देते."

 तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं आता रडेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल.

"मला दोन काय करायचीत?" ती म्हणाली. "ह्याचे आजून सा हप्ते हाईत. त्येबी व्हतील."

"हे परत कर. ते नवं आहे, चांगलं आहे. तुझंच आहे ते."

"न्हाई बाई. ते तुमचं हाय. पंचांनी सांगितलंय की."

मला बाई म्हणाली. शाळेतल्या मुली म्हणतात तसं. आधी वाटलं चुकून म्हणाली, म्हणून मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. लिंगम्माचं कसं आहे विचारलं. दिवस गेलेत म्हणाली. मी म्हटलं, बाळंतपणाला येईल तेव्हा कळव. तिनं मान हलवली, कोणत्या अर्थानं ते कळलं नाही.

५ सप्टेंबर

निघाले. लॉरी सकाळी सातला होती. भागम्मा भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून घेऊन आली. दारातच उभी राहून दिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "चुलीवर दूध हाय."

हमालांनी मशीन चढवताना तिरपं केलं तेव्हा मात्र ती दोन पावलं पुढे आली. "सुई काढलीव का?" तिनं विचारलं. मी काढली नव्हती. मला काढता येत नाही. ती लॉरीजवळ आली, हात वर करून सुई काढली, कागद नव्हता म्हणून हमालाच्या हातावर ठेवली आणि परत गेली. माझ्याशी बोलली नाही. लॉरी वळेपर्यंत मी बघत होते. दार उघडंच होतं, पण ती बाहेर आली नाही.

वाटेत भाकरी खाल्ली नाही. भूक नव्हती.

उदगीर, १६ सप्टेंबर

खोली चांगली आहे. खिडकी पूर्वेला. मशीन खिडकीखाली लावलं. शेजार शांत आहे, भिंतीपलीकडे गवताचं कोठार आहे, कसलाही आवाज येत नाही.

आज शेजारच्या गल्लीतल्या कलाबाई म्हणून एक बाई आल्या. उघड्या खिडकीतून मशीन दिसलं म्हणाल्या. हातात खण होता, पुतणीच्या डोहाळजेवणासाठी. "बाई, तुमी शिवताव का?"

मी नाही म्हणणार होते.

"शिवणारी वेगळी आहे," मी म्हटलं. "ती यायची आहे. खण ठेवून जा."

"कवा येतील त्या?"

"येईल. हुमनाबादहून यायची आहे. आठ-पंधरा दिवसांत."

कलाबाईंनी माप म्हणून जुनं पोलकं ठेवलं. मी म्हटलं, मापाची गरज नाही, ती नजरेनं माप घेते. त्यांनी तरी ठेवलं. खण घडी करून मशीनवर ठेवला आहे.